सेन्सरी किटची पेटी: काय ठेवायचं, काय काढायचं आणि काय तिच्यात मुळातच नाही

एक ते पाच वर्षांच्या मुलांसाठी ‘सेन्सरी किट’, म्हणजे संवेदनांना चालना देणारा संच, म्हणून ज्या तयार पेट्या विकल्या जातात, त्यांतला ऐवज जवळजवळ ठरलेला असतो. एक उथळ ट्रे, कायनेटिक सँडचं पाकीट, प्ले डोचे दोन-तीन डबे, रंगीत गोंडे, चिमटा, ड्रॉपर, मणी आणि दोरी, मोठे नट-बोल्ट, वेगवेगळ्या पोताच्या चकत्या, एखादी दिवे लागणारी वस्तू, कार्डांची गड्डी आणि बऱ्याचदा पाण्यात फुगणारे मणी. ब्रँड बदलतो, डब्यांचे रंग बदलतात, पण झाकण उघडलं की आत हेच निघतं. म्हणून इथे एखाद्या ब्रँडऐवजी या ऐवजाचंच परीक्षण केलं आहे, वस्तू हातात घेऊन, एकेक करून.

निकाल आधीच सांगायचा तर निम्मी पेटी खरोखर कामाची आहे, पाव पेटी नुसती जागा अडवते आणि एक वस्तू घरात येताक्षणी बाहेर काढावी अशी आहे.

खेळणं पाहताना आमचा पहिला प्रश्न असतो: ही वस्तू हाताला विरोध करते का? दाबली तर परत थोडी ढकलते का, ओढली तर ओढ जाणवते का, सोडताना जपून सोडावी लागते का? किती जोर लागला, बोट कुठे वाकलं, मनगट कुठल्या बाजूला वळलं, ही खबर सांध्यांतून आणि स्नायूंतून मेंदूकडे जाते आणि विरोध असेल तर ती जास्त ठळक जाते. या जाणिवेला प्रोप्रिओसेप्शन म्हणतात. पुढे बटण लावणं, चमचा न सांडता तोंडापर्यंत नेणं, पेन्सिल योग्य जोराने टेकवणं हे सगळं तिच्यावर उभं राहतं. पेट्यांवर मात्र ‘सेन्सरी’ हा शब्द बहुतेक वेळा रंग, चमक आणि मऊपणा यांसाठीच वापरलेला दिसतो.

अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत म्हणून उपचार देणाऱ्या तज्ज्ञ) ए. जीन आयर्स यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत संवेदनांच्या एकात्मतेची मांडणी केली, तेव्हा त्यांनी तीन संवेदनांना पाया मानलं: स्पर्श, सांधे-स्नायूंची जाणीव आणि आतल्या कानातून येणारी तोलाची व हालचालीची जाणीव. पेटीत पहिली भरपूर आहे, दुसरी थोडी आहे, तिसरी अजिबात नाही.

फुगणारे मणी: पेटीतून आणि घरातून बाहेर

हे मणी कोरडे असताना मोहरीएवढे, रंगीत आणि गोळीसारखे दिसतात. ते पाणी शोषणाऱ्या पॉलिमरचे असतात आणि पाण्यात कित्येक पटींनी फुगतात. मुलाने कोरडा मणी गिळला, तर तो पोटातल्या ओलाव्यातही फुगत राहतो आणि आतडं अडवू शकतो. साध्या एक्स-रेमध्ये तो दिसत नाही, त्यामुळे निदानाला उशीर होतो. कानात किंवा नाकात गेलेला मणीही तिथेच फुगतो. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या काही सर्वांत मोठ्या विक्रेत्यांनी मुलांसाठी म्हणून असलेल्या या मण्यांची विक्री थांबवली.

‘मोठ्यांच्या देखरेखीखाली’ ही पाकिटावरची ओळ इथे पुरत नाही. ओला मणी टणकन उसळतो, सोफ्याखाली जातो, तिथे वाळून पुन्हा मोहरीएवढा होतो आणि काही दिवसांनी रांगणाऱ्या भावंडाला सापडतो. देखरेख तोपर्यंत संपलेली असते. मणी बंद पिशवीत घालून कचऱ्यात टाकावेत, मोरीत किंवा संडासात ओतू नयेत. मुलाने गिळल्याची नुसती शंका असली तरी उलटी-पोटदुखीची वाट न पाहता रुग्णालय गाठावं आणि पाकीट सोबत न्यावं.

पेटीतल्या बाकीच्या वस्तूंना आकाराची चाचणी लावायची. लहान भागांसाठी खेळण्यांच्या सुरक्षा मानकांत जी नळी वापरतात, तिचा आतला व्यास ३१.७ मिमी असतो. जो भाग तिच्यात पूर्ण मावतो, तो तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायचा नाही. घरी टॉयलेट पेपरची रिकामी नळी घेतली तरी चालते. ती थोडी रुंद असल्यामुळे चाचणी उलट कडकच होते. चेंडूसारख्या गोल वस्तूंना मर्यादा अजून मोठी आहे, सुमारे ४४.५ मिमी, कारण गोल वस्तू घशात चपखल बसून श्वास पूर्ण कोंडते. किटमधले लहान गोंडे आणि मणी या दोन्ही चाचण्यांत हमखास नापास होतात, पेटीवर ‘वय १८ महिने +’ लिहिलेलं असलं तरी. मूल चार वर्षांचं असलं तरी अजून वस्तू तोंडात घालत असेल, तर त्याला तीन वर्षांखालचाच नियम लावावा.

दिवे लागणाऱ्या वस्तूची बॅटरी बघा. नाण्यासारखी चपटी बॅटरी असेल आणि झाकण स्क्रूशिवाय नखाने उघडत असेल, तर ती वस्तूही बाद. अशी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत गंभीर भाजणूक करू शकते. तसंही या वस्तूत मूल एक बटण दाबतं आणि मग बघत बसतं. हाताला करण्यासारखं तिच्यात काही नाही.

प्ले डो: पेटीतली सर्वांत मोलाची वस्तू, पण तिथली मात्रा अपुरी

एकच वस्तू ठेवायची असेल तर ही ठेवावी. ती तळहाताला विरोध करते, बोटांना विरोध करते, जसजसं मूल मोठं होतं तसतसं तिच्यातलं काम अवघड करता येतं आणि ‘चुकलं’ असं तिच्यात काही नसतं.

किटमधले डबे मात्र फार छोटे असतात. मुलाच्या दोन मुठींएवढा, म्हणजे साधारण १५० ते २०० ग्रॅमचा गोळा हातात असला तरच तळहात आणि खांदा कामाला लागतात. त्याहून लहान गोळ्यात नुसती बोटं चाळवली जातात. दुसरी अडचण मऊपणाची आहे. काही डो इतके मऊ असतात की बोट लोण्यात गेल्यासारखं आत जातं. गोळ्यावर अंगठा ठेवून दाबा: मोठ्या माणसाला किंचित जोर लावावा लागला तर मुलासाठी तो ठीक आहे.

घरी केलेला डो यापेक्षा सरस होतो, कारण घट्टपणा आपल्या हातात राहतो. एक कप गव्हाचं पीठ किंवा मैदा, अर्धा कप मीठ, दोन छोटे चमचे क्रीम ऑफ टार्टर, एक मोठा चमचा तेल, एक कप पाणी. क्रीम ऑफ टार्टर नसेल तर एक मोठा चमचा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस. सगळं थंड असतानाच गुठळ्या मोडेपर्यंत ढवळायचं, मग मध्यम आचेवर सतत हलवत राहायचं. तीन ते पाच मिनिटांत मिश्रण कडा सोडून गोळा होतं. उतरवल्यावर कोमट असताना गुळगुळीत होईपर्यंत मळायचं. हाताला चिकटत असेल तर शिजायला कमी पडलंय, परत मिनिटभर आचेवर धरा. वरून कोरडं पीठ भुरभुरलं की ते तात्पुरतं सुटतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चिकटतं. तुकडे पडत असतील तर जास्त शिजलंय किंवा पाणी कमी आहे. अशा वेळी ओल्या हाताने मळायचं, पाणी ओतायचं नाही. दमट हवेत डब्यात पाणी सुटतं, कारण मीठ ओलावा खेचतं. पुसून पुन्हा मळलं की चालतं. वास बदलला किंवा ठिपके दिसले की टाकून द्यायचं.

न शिजवता, नुसतं पीठ-मीठ-पाणी कालवून केलेला डो टाळावा. कच्च्या पिठात रोगजंतू असू शकतात आणि लहान मूल तो चाटणारच. मीठही विसरू नका: एखादी चाटण खारट लागून थांबते, पण मूठभर डो खाल्ला गेला तर इतकं मीठ लहान मुलाला आणि घरातल्या कुत्र्याला घातक ठरू शकतं. गव्हाची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी तयार डोही तपासून घ्यावा. प्ले-डो या प्रसिद्ध ब्रँडमध्येही गहू असतो. (हा ब्रँड १९५६ मध्ये खेळणं म्हणून बाजारात आला. त्याआधी तो पदार्थ भिंतीचा कागद पुसायला विकला जात होता.)

आता त्याचं करायचं काय? दीड वर्षाच्या आसपास तर्जनीने भोकं पाडणं आणि तळहाताने थापून चपटं करणं पुरे. एका बोटाला बाकीच्यांपासून वेगळं करणं हेच त्या वयातलं मोठं काम आहे. दोन वर्षांनंतर दोन्ही तळहातांनी लाटून लांब ‘साप’ करणं. साप एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला बारीक होत असेल तर दोन्ही हातांचा जोर सारखा पडत नाही, असं समजावं. त्याला दुरुस्त करत बसू नये, फक्त पृष्ठभाग न घसरणारा द्यावा. तीन वर्षांनंतर सापाचे चिमटीने तुकडे तोडणं आणि तीनच बोटांत, तळहात न लावता, वाटाण्याएवढी गोळी वळणं. ही गोळी वळणं म्हणजे पुढच्या पेन्सिलच्या पकडीची तालीमच: अंगठा, तर्जनी, मधलं बोट हलतात आणि करंगळी-अनामिका मिटून आधार देतात. डोच्या गोळ्यात पाच-सहा खुंट्या लपवून त्या उकरून काढायला देणं हाही याच वयाचा खेळ.

किटमधले साचे कमी वापरावेत. साचा दाबला की आकार आपोआप मिळतो, हाताचं काम तिथेच संपतं आणि बहुतेक वेळा दाबतंही मोठं माणूसच.

चिमटा आणि गोंडे

कल्पना चांगली, वस्तू बऱ्याचदा चुकीची. किटमध्ये येतो तो चिमटा १५ ते १८ सेंमी लांब आणि कडक स्प्रिंगचा असतो. मुलाचा हात तो पुरता मिटवू शकत नाही, म्हणून ते मुठीत धरतं किंवा दोन्ही हात लावतं. मुठीत धरून कितीही गोंडे उचलले तरी बोटांना काही मिळत नाही. १० ते १२ सेंमीचा, टोकं रुंद असलेला आणि दोन बोटांनी सहज मिटणारा चिमटा शोधावा. कडक चिमटा आधी आणि सैल नंतर असा उलटा क्रम अनेक पेट्यांत दिसतो. सैलपासूनच सुरुवात करायची.

पकड अशी शिकवावी: चिमटा मध्यावर धरायचा, अंगठा एका बाजूला, तर्जनी आणि मधलं बोट दुसऱ्या बाजूला. अनामिका आणि करंगळी मिटून राहत नसतील तर त्या दोन बोटांखाली एक छोटा गोंडा ठेवून ‘हा पाडायचा नाही’ असं सांगावं. हात आपोआप दोन भागांत काम करू लागतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये गोल खिडकी दिसली पाहिजे. खिडकी मिटून अंगठा तळहाताला चिकटला की हात दमला आहे. खांदा कानाकडे चढणं, मनगट आतल्या बाजूला वाकणं ही पुढची खूण. तीन वर्षांच्या मुलाला पाच ते सात मिनिटं हे काम पुष्कळ होतं. किटसोबतच्या पुस्तिकेत ‘२० गोंडे रंगाप्रमाणे लावा’ असं छापलेलं असतं, पण विसाव्या गोंड्यापर्यंत बहुतेक मुलं मुठीवर आलेली असतात. सात-आठ गोंडे, तेही ४ ते ५ सेंमीचे, एवढ्यावर थांबावं. १ ते २ सेंमीचे गोंडे आणि टोकदार छोटा चिमटा चार वर्षांनंतर.

मूल डाव्या हाताने चिमटा घेत असेल तर घेऊ द्यावं. साधारण दोन ते चार वर्षांत एक हात हळूहळू पुढे येतो. उलट, एक वर्षाच्या आतच मूल सतत एकच हात वापरत असेल आणि दुसरा बाजूला पडून राहत असेल तर ती हुशारीची खूण समजू नये, बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.

मणी आणि दोरी: एका मापाने बिघडलेला खेळ

मुलं मणी ओवायला वैतागतात याचं कारण फार वेळा मुलात नसतं, दोरीच्या टोकात असतं. दोरीचं कडक टोक मण्याच्या जाडीपेक्षा लांब असावं लागतं. मणी ३ सेंमी जाड आणि टोक अडीच सेंमीचं असेल, तर टोक भोकात घातल्यावर पलीकडून बाहेर येतच नाही. मुलाला धरायला काही मिळत नाही, ते हात सोडतं, मणी परत घसरतो. असं चार-पाच वेळा झालं की खेळ फेकला जातो. टोक मण्यापलीकडे किमान २ सेंमी डोकावलं पाहिजे. तेव्हाच मूल एका हाताने ढकलतं, मग हात बदलून दुसऱ्या बाजूने ओढतं. ही अदलाबदल हाच या खेळाचा गाभा. पेटीतलं टोक आखूड असेल तर चिकटपट्टी घट्ट गुंडाळून ५ सेंमीपर्यंत लांब आणि ताठ करून घ्यावं. दोरीच्या दुसऱ्या टोकाला गाठ पुरत नाही, पहिला मणीच बांधून टाकावा.

दोन-अडीच वर्षांच्या मुलाला दोरी देऊच नये. डोच्या गोळ्यात एक बोथट काडी उभी रोवावी आणि मोठी कडी तिच्यावर उतरवायला द्यावी. काडी हलत नाही, त्यामुळे एकाच हाताचा नेम पुरतो. मग गुंडाळी न होणारी जाड, ताठ दोरी आणि शेवटी मऊ दोरी. दोरी ३० सेंमीपेक्षा लांब नको आणि खेळ संपला की ती मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. गळ्याभोवती दोरी ही लहान घरातही खरी भीती आहे.

ड्रॉपर

छान वस्तू, साडेतीन वर्षांच्या पुढे. पारदर्शक, लांब आणि पातळ पिपेट निरुपयोगी, कारण फुग्याला विरोधच नसतो. जाड रबरी फुग्याचा, आखूड ड्रॉपर घ्यावा. हमखास होणारी चूक म्हणजे मूल ड्रॉपर पाण्यात बुडवून मग दाबतं, बुडबुडे येतात, त्यात त्याला मजा वाटते आणि बोट सोडण्याआधीच ते ड्रॉपर वर काढतं. पाणी येत नाही. क्रम तोंडाने म्हणत करून दाखवावा: हवेत दाब, दाबूनच बुडव, सोड, थांब, उचल, पुन्हा दाब. ‘थांब’ ही पायरी गाळली की खेळ बसत नाही. ही हळूहळू सोडण्याची क्रिया पकडण्यापेक्षा अवघड असते आणि उशिरा येते, म्हणून तिच्यासाठी वेगळी वस्तू असणं पेटीच्या जमेची बाजू. एक थेंब एका खळग्यात, असा खेळ बर्फाच्या ट्रेवर करावा. नुसतं एका वाटीतून दुसऱ्या वाटीत पाणी टाकण्यात जोराचं माप राहत नाही.

ट्रे आणि वाळू

कायनेटिक सँड म्हणजे सुमारे ९८ टक्के बारीक वाळू आणि २ टक्के सिलिकॉन तेल. ती वाळत नाही, हाताला फारशी लागत नाही आणि दाबली तर आकार धरते. मग सावकाश ओघळते आणि मूल ते तंद्री लागल्यासारखं बघतं. विरोध कमी, पण दाबून भरणं, थापणं, सुरीने कापणं यांत बरं काम होतं.

चूक मापात होते. ४० × ३० सेंमीच्या ट्रेमध्ये किटमधली १ किलो वाळू पसरली की तिची जाडी सेंटिमीटरभरही होत नाही. चमचा खरवडतो, खड्डा होत नाही, मूल कंटाळून वाळू फेकतं आणि मग ‘याला सेन्सरी खेळ आवडत नाही’ असा निष्कर्ष निघतो. तेवढीच वाळू २० × १५ सेंमीच्या डब्यात घाला, अडीच-तीन सेंमीचा थर होतो आणि खेळ लगेच बदलतो. मोठ्या ट्रेत काहीही भरायचं तर ४ ते ५ सेंमीचा थर धरावा, म्हणजे जवळपास पाच-सहा लिटर भरण लागतं. तेवढं कुठल्याच पेटीत नसतं. ट्रेची कड ८ सेंमीपेक्षा कमी असेल तर निम्मं भरण जमिनीवर जाईल. खाली चादर अंथरून ठेवली की चार कोपरे धरून परत ओतता येतं.

वाळू ओली झाली तर पसरून पूर्ण सुकू द्यावी, धुवायला जाऊ नये. नरसाळं, चाळणी आणि वेगवेगळ्या मापांचे चमचे पेटीत असतील तर ते जपून ठेवा. ओतताना मनगट फिरतं, एक हात भांडं धरतो आणि दुसरा ओततो. मुलाला ट्रेच्या डाव्या कडेकडून उजव्या कडेला ओतायला लावलं, तर हात शरीराच्या मध्यरेषेपलीकडे जातो. प्रत्येक वेळी मूल हात बदलून ते टाळत असेल तर भांडी थोडी जवळ आणून पुन्हा करावं.

नट-बोल्ट ३ ते ४ सेंमीचे आणि जाड आट्यांचे असतील तर उत्तम. एक हात धरतो, एक फिरवतो. वरच्या नळीत पूर्ण मावत नसतील तर दोन वर्षांपासून चालतात, मावत असतील तर तीन वर्षांनंतरच. कार्डांची गड्डी बाजूला ठेवा. पेटीतली प्लास्टिकची कात्री फक्त डो कापते, कागद तिच्यात दुमडतो आणि मूल मनगट वाकडं करून फाडायला शिकतं. डोच्या दीड सेंमी जाडीच्या सापावर ती वापरावी. कागदासाठी बोथट टोकाची पण खरी धार असलेली कात्री आणि २ सेंमी रुंदीच्या जाड कागदाच्या पट्ट्या द्याव्यात, म्हणजे एका कापात तुकडा पडतो. डाव्या हाताने कापणाऱ्या मुलाला डाव्या हाताची कात्री हवी. तिची पाती उलट बसवलेली असतात, नुसती मूठ वेगळी असून चालत नाही.

पोताच्या चकत्या आणि हात मागे घेणारं मूल

खरखरीत, मऊ, काटेरी, रबरी अशा चकत्या जोड्या लावायला ठीक आहेत, डोळे बांधून ओळखायला जास्त चांगल्या. त्यांच्याबद्दल एवढंच पुरे. महत्त्वाचा प्रश्न त्या मुलाचा, जे वाळू किंवा डो दिसला की हात मागे घेतं. पेटीतली पुस्तिका ‘मुलाचा हात हळूच धरून स्पर्श करवा’ असं सांगते आणि इथे ती सपशेल चुकते. हात धरून लावलेला स्पर्श अशा मुलाला अजून दूर लोटतो.

चालणारा क्रम वेगळा आहे. आधी चमचा किंवा ब्रश, म्हणजे हात आणि वस्तू यांच्यात अंतर राहतं. मग तोच पदार्थ झिपच्या जाड पिशवीत, तोंड चिकटपट्टीने बंद करून, वरून दाबायला. मग कोरड्या वस्तू, त्यानंतर ओलसर आणि शेवटी चिकट. हलका, गुदगुल्यांसारखा स्पर्श अशा मुलांना जास्त खुपतो, भरीव दाब सहन होतो. म्हणून खेळाआधी तळहात एकमेकांवर जोरात दाबणं, भिंत ढकलणं, टॉवेल पिळणं यांचा उपयोग होतो. पाण्याची वाटी आणि टॉवेल मुलाच्या समोर, हाताच्या अंतरावर ठेवावेत. हवं तेव्हा हात पुसता येतो हे माहीत असलं की मूल आणखी पुढे जातं. एका बोटाने एकदा टेकवून मागे घेतलं तरी ते त्या दिवसापुरतं पुरेसं आहे. हीच नावड जेवण, आंघोळ, कपडे, नखं कापणं इथपर्यंत पसरली असेल आणि रोजचा दिवस तिच्यामुळे अडत असेल, तर पेट्या बदलत बसण्यापेक्षा ऑक्युपेशनल थेरपिस्टना भेटावं.

पेटीत नसलेली गोष्ट

झाकणावरच्या चित्रात मूल टेबलाशी बसलेलं असतं आणि त्याचे पाय लोंबकळत असतात. पाय टेकलेले नसले की कमर डगमगते, मग खांदा घट्ट धरावा लागतो, मग बोटं मोकळी राहत नाहीत. पायाखाली एक भक्कम खोकं आणि टेबल कोपराच्या उंचीवर, एवढं केलं तरी चिमट्याचा नेम त्याच दिवशी सुधारलेला दिसतो. मनगटाची हाडं तर अजून तयारच होत असतात: जन्मावेळी ती बहुतांशी कूर्चेची असतात आणि त्यांतलं शेवटचं लहान हाड साधारण नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान दिसू लागतं. इतक्या कोवळ्या हाताला खांद्याचा आणि धडाचा आधार लागतोच. तो टेबलावर बसून तयार होत नाही. पालथं पडून, रांगून, चढून, लोंबकळून, ढकलून तयार होतो.

म्हणून ट्रे टेबलावरून खाली जमिनीवर आणावा. बाळ पालथं राहू शकत असेल तर चकत्या त्याच्या पुढ्यात, हात लांबवावा लागेल इतक्या अंतरावर ठेवाव्यात. मोठ्या मुलाला पोटावर झोपून, कोपरांवर टेकून पाच मिनिटं नट-बोल्ट लावायला द्यावेत. दमलं की ते आपणच कुशीवर वळेल, वळू द्यावं. कागद भिंतीवर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला चिकटवून त्यावर रंगवायला दिलं की मनगट मागे वळलेलं राहतं, पेन्सिलीसाठी हवं तसंच. वाळूचा डबा दुसऱ्या खोलीत आणि चमचे या खोलीत ठेवले की नेआण करावी लागते. टोपलीत तीन-चार जाड पुस्तकं भरून ती जमिनीवरून ढकलत न्यायला लावली की हात, खांदे, पाय सगळ्यांना भरीव काम मिळतं. उशांच्या ढिगावरून चढून पलीकडे जायचं, तिथून एक गोंडा उचलायचा, परत रांगत यायचं आणि डब्यात टाकायचा: पेटीतल्या गोंड्यांचा याहून चांगला उपयोग नाही.

हालचालीत जरा जपावं. पुढे-मागे एकसारखा झोका बहुतेक मुलांना शांत करतो, गरगर फिरवणं उत्तेजित करतं आणि त्याचा परिणाम फिरणं थांबल्यावरही टिकतो. फिरताना मूल पांढरं पडलं, घाम आला, जांभया येऊ लागल्या तर लगेच थांबावं आणि नंतर भिंत ढकलण्यासारखं भरीव काम द्यावं. मूल आपणहून फिरत असेल तर फिरू द्यावं, दुसऱ्याने त्याला फिरवू नये.

दिवसाचा क्रम ठरवायचा तर आधी दहा-पंधरा मिनिटं अंगाचा खेळ, मग दहा मिनिटं पेटी. पेटीतूनही एका वेळी दोनच वस्तू बाहेर, बाकी झाकण बंद करून उंचावर. आठवड्याने त्या आत टाकून दुसऱ्या दोन काढाव्यात. डो मात्र रोज बाहेर असला तरी हरकत नाही. पेटीतला संपला की वर दिलेल्या मापाने घरचा करावा आणि या वेळी किंचित घट्ट ठेवावा.